इतोसू गुरुजी आणि प्रोफेसर माणिकराव

(मंडळाच्या पालक मेळाव्यात व्यायाम समितीच्या वतीने केलेले भाषण)



हे भाषण व्यायाम समितीतल्या आम्ही चौघांनी मिळून लिहिलं आहे. वाचून दाखवणारा एक आहे, पण त्यातल्या चुका चौघांच्या आहेत. गेल्या गणपतीनंतरच्या सभेत निघालेला एक प्रश्न आपल्याला आठवत असेल. उत्सवातल्या कार्यक्रमात आपल्या मुलांनी लेझीम केलं आणि त्यानंतर बारा-पंधरा मुलामुलींनी पांढऱ्या पोशाखात कराटेची प्रात्यक्षिकं केली. टाळ्या दोन्हींना पडल्या. पण सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "गणपतीच्या मांडवात जपानी कवायत कशाला? आपल्याकडे काय कमी आहे?" प्रश्न रास्त होता आणि त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाही त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. हॉल आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी मुलांच्या व्यायामासाठी मोकळा ठेवावा, हा आमचा ठरावही मग याच प्रश्नापाशी अडला.

आज त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. त्यासाठी दोन गुरुजींची गोष्ट सांगायची आहे. एक दूर ओकिनावा बेटावरचे आणि एक आपल्या शेजारच्या बडोद्याचे.

ओकिनावा आज जपानचा भाग आहे. पण शतकानुशतकं तिथे र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. शुरी ही त्याची राजधानी, शेजारचं नाहा हे बंदर. चीनशी व्यापार होता, येणंजाणं होतं. चीनमधून आलेली मुष्टियुद्धाची विद्या आणि बेटावरची जुनी विद्या तिथे एकमेकींत मिसळल्या. लोक तिला 'तोदे' म्हणत, म्हणजे चिनी हात. म्हणजे ज्याला आपण सरसकट 'जपानी' म्हणतो ती विद्या मुळात जपानच्या मुख्य बेटांवरची नव्हेच. तिथे ती रुजली विसाव्या शतकात.

इतोसू आन्को यांचा जन्म १८३१ चा. तिकडे आडनाव आधी लिहितात, तेव्हा इतोसू हे आडनाव. चिनी ग्रंथांचा अभ्यास झालेला, अक्षर चांगलं. राजाच्या पदरी ते लेखनिक होते. दिवसा लेखणी आणि उरलेल्या वेळी विद्या, असं त्यांचं आयुष्य. त्यांचे गुरू मात्सुमुरा सोकोन हे र्‍युक्यूच्या राजांचे अंगरक्षक आणि शस्त्रविद्येचे शिक्षक होते.

१८७९ मध्ये जपानने र्‍युक्यूचं राज्य खालसा केलं आणि राजाला तोक्योला नेलं. राज्य खालसा होणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. इतोसू तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. दरबार गेला, नोकरी गेली. हातात राहिली ती विद्या, आणि तीही उघड शिकवायची नसलेली.

ती कशी शिकवली जाई, हे त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन यांनी लिहून ठेवलं आहे. रात्री कंदील घेऊन गुरूच्या घरी जायचं. अंगणात एकच काता पुन्हा पुन्हा करायचा. काता म्हणजे ठरावीक क्रमाने बांधलेल्या डावांची माळ. गुरूच्या मनासारखं झाल्याशिवाय पुढचा काता नाही. मग महिने जावोत की वर्षं. एक गुरू, दोन-तीन शिष्य आणि बंद फाटक.

बालमित्रांनो, फुनाकोशींनी सांगितलेली इतोसू गुरुजींची एक गोष्ट तुम्हाला आवडेल. गुरुजी एकदा खानावळीत शिरत असताना एका तरण्या पोराने त्यांना ठोसा मारला. गुरुजींनी पोट आवळलं, ठोसा उसळून परत गेला. त्याच क्षणी त्यांनी पोराचं मनगट पकडलं, त्याच्याकडे वळूनही न पाहता त्याला आत ओढत नेलं आणि शांतपणे खाणंपिणं मागवलं. एका हाताने मनगट धरलेलं, दुसऱ्या हाताने पेला उचललेला. मग त्याला समोर ओढून हसत म्हणाले की, तुझा माझ्यावर काय राग आहे ते मला ठाऊक नाही, पण आलाच आहेस तर माझ्याबरोबर बस आणि घे. पोराला मार बसला नाही. पण तो पुन्हा कुणाच्या वाटेला गेला असेल असं वाटत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. १९०१ मध्ये, म्हणजे वयाच्या सत्तरीत, याच इतोसूंनी बंद फाटक उघडलं. शुरीच्या प्राथमिक शाळेत मुलांना ही विद्या व्यायाम म्हणून शिकवायला सुरुवात झाली. १९०५ पासून ते तिथल्या पहिल्या सरकारी माध्यमिक शाळेत शिकवू लागले. समोर आता दोन शिष्य नव्हते, अख्खा वर्ग होता. जुने काता लांब आणि अवघड; कोवळ्या मुलांना झेपणारे नव्हते. म्हणून त्यांनी पाच छोटे काता बांधले आणि त्यांना नाव दिलं 'पिनान', म्हणजे शांती, सुखरूपता. पुढे फुनाकोशींनी त्याच नावाचा जपानी उच्चार घेतला, 'हेइआन'. अडाजणच्या अपार्टमेंटमध्ये पार्किंगच्या फरशीवर आपली पोरं जो 'हेइआन शोदान' करतात, तो त्या म्हाताऱ्या गुरुजींनी शाळेच्या मुलांसाठी बांधलेला धडा आहे. एवढाच फरक की इतोसूंच्या क्रमात तो दुसरा होता, फुनाकोशींनी सोपा म्हणून पहिला केला.

ऑक्टोबर १९०८ मध्ये इतोसूंनी सरकारला एक पत्र लिहिलं. त्यात दहा कलमं होती. ही विद्या देशभरच्या शाळांत शिकवावी, ही मागणी. त्यातला सूर आजही ऐकण्यासारखा आहे. ही विद्या घाईने येत नाही, संथ चालणारा बैलही शेवटी हजार कोस जातो, असा त्यांचा दाखला आहे. प्रत्येक डावाचा अर्थ समजून घ्या, अर्थ न कळता नुसते हातपाय हलवू नका. आपण हे शरीर सुदृढ व्हावं म्हणून करतो आहोत की लढण्यासाठी, ते आधी ठरवा. नियमाने केलं तर आयुष्य वाढतं. इतोसू स्वतः चौऱ्याऐंशी वर्षं जगले, १९१५ मध्ये वारले.

तारखेचा एक योगायोग सांगतो. या पत्राच्या दहाच महिने आधी, डिसेंबर १९०७ मध्ये, आपल्या या सुरतेत काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. जहाल आणि मवाळ यांची फाटाफूट झाली, लोकमान्य व्यासपीठावर उभे राहिले, खुर्च्या फेकल्या गेल्या आणि एक मराठी जोडाही भिरकावला गेला, हे आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो आहोत. पारतंत्र्यातल्या माणसाने ताठ उभं कसं राहायचं, हा प्रश्न तेव्हा सुरतेत होता आणि ओकिनावातही होता. आणि तो बडोद्याच्या एका आखाड्यातही होता. आता तिकडे जाऊ.

बडोद्याला दांडिया बाजारात आजही कुणालाही विचारा, माणिकरावांचा आखाडा दाखवतील. त्याचं खरं नाव श्री जुम्मादादा व्यायाममंदिर. स्थापना १८८० ची, म्हणजे र्‍युक्यूचं राज्य गेलं त्याच्या पुढच्याच वर्षाची. जुम्मादादा हे तिथले उस्ताद, आणि गजानन यशवंत तांबे हा त्यांचा मराठी शिष्य. हाच पुढे प्रोफेसर माणिकराव म्हणून नावारूपाला आला. आखाडा शिष्याने मोठा केला, पण वर नाव ठेवलं गुरूचं. बडोदे सरकारने त्यांना 'राजरत्न' हा किताब दिला.

आपल्यापैकी अनेकांना वाटतं, बडोदा म्हणजे दीडशे किलोमीटरवरचं शहर, त्याचा सुरतेशी काय संबंध? पण सुरत शहर इंग्रजांचं असताना भोवतालचा बराच मुलूख गायकवाडांचा होता. कामरेज, पलसाणा, महुवा, व्यारा, सोनगढ ही सगळी गावं बडोदे राज्याच्या नवसारी प्रांतात मोडत. सोनगढ तर गायकवाडांचं सुरुवातीचं ठाणं. तेव्हा माणिकराव आपल्याला परके नाहीत.

जुन्या आखाड्याची रीत ओकिनावाच्या अंगणासारखीच होती. उस्ताद एक, पठ्ठे मोजके. लाल माती, मारुतीची मूर्ती, पहाटेची वेळ. डाव कुणाला किती सांगायचा ते उस्ताद ठरवणार. खास डाव पट्टशिष्यालाच. त्यात खोली होती, पण त्यात येणारी मुलं किती? आणि १९०६ मध्ये सयाजीरावांनी आपल्या साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलेलं. गावोगावची मुलं शाळेत बसू लागली होती. त्या सगळ्यांना एकेक करून हौद्यात कोण उतरवणार?

माणिकरावांनी दिलेलं उत्तर म्हणजे 'संघव्यायाम'. कुस्ती आणि मल्लखांब आखाड्यात होतेच. पण दंड, बैठका, लेझीम, लाठी हे शेकडो मुलांना एका वेळी, एका तालात करता येईल अशी त्यांनी मांडणी केली. तोवर कवायत म्हटली की हुकूम इंग्रजीत. माणिकरावांनी ते हिंदीत बांधले. आज आपल्याला त्यात विशेष वाटत नाही. पण ज्या पोरांना आयुष्यभर साहेबाच्या भाषेत उठ-बस करायची सवय लावली जात होती, त्यांना आपल्या भाषेत 'उभा राहा' असं ऐकू येणं किती मोठं असेल, याचा विचार करावा. शिवाय माणिकराव नामांकित हाडवैद्य होते. ज्या हातांनी डाव शिकवायचे त्याच हातांनी निखळलेला सांधा बसवायचे. ही जोड आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मुलाचं शरीर कुठे मोडतं हे ज्याला कळतं, त्यालाच ते कुठवर ताणायचं हेही कळतं.

त्यांच्या शिष्यांनी काय केलं ते पाहा. डभोईत जन्मलेला जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं माणिकरावांकडे शिकला. नंतर तो गेला कुठे, तर अमळनेरला! खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिक्षक म्हणून. याच संस्थेच्या शाळेत पुढे साने गुरुजी आले. उधना, लिंबायत, डिंडोलीत राहणाऱ्या आपल्या खानदेशी मंडळींना अमळनेर सांगायला नको. उधन्याहून गाडीत बसलं की दुपारपर्यंत आपण तिथे. हेच गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. नर्मदाकाठच्या माधवदासजींकडे योग शिकले आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम स्थापन केलं. आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे त्यांनी यंत्रांनी मोजलं. आणि योग शाळेतल्या मुलांना सामुदायिक रीतीने कसा शिकवावा यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'यौगिक संघव्यायाम'. नावातला 'संघव्यायाम' हा शब्द वाचला की मागे उभे असलेले माणिकराव दिसतात.

दुसरी शाखा गुजराती. छोटुभाई पुराणी हे माणिकरावांचे शिष्य. त्यांनी बडोद्यात लक्ष्मीनाथ व्यायामशाळा काढली आणि तिथून गुजरातेत व्यायामशाळांची चळवळ पसरली. राजपीपळ्याचं व्यायाम महाविद्यालय आज त्यांच्या नावाने चालतं. त्यांचे धाकटे भाऊ अंबुभाई या चळवळीतले पुढचे गडी. ते पुढे पाँडिचेरीला श्रीअरविंदांकडे गेले. अंबुभाईंचा जन्म १८९४ चा, आपल्या सुरतेतला. म्हणजे उस्ताद जुम्मादादांची विद्या मराठी माणसाकडे आली, मराठी माणसाने ती गुजराती मुलांना दिली, आणि त्या मुलांनी ती गुजरातभर नेली. कुणीही 'ही आमची, तुमची नव्हे' म्हटलं नाही.

आता त्या ज्येष्ठ सभासदांचा प्रश्न पुन्हा घेऊ. आपल्याकडे काय कमी आहे? काहीच नाही. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, तेव्हा जर्मन प्रेक्षकांनी टाळ्या दिल्याच असतील. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची जागतिक स्पर्धा झाली, त्यात परदेशांतली मुलंमुली खांबावर चढली. त्या मुलांच्या आजोबांनी विचारलं असतं की, आपल्या गावात हा हिंदुस्थानी खांब कशाला, तर आपल्याला कसं वाटलं असतं? ज्या वर्षी अमरावतीची मुलं बर्लिनला गेली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नाहा शहरात ओकिनावाचे गुरू एकत्र बसले आणि त्यांनी या विद्येचं नाव 'चिनी हात' ऐवजी 'रिकामा हात', म्हणजे कराटे, असं पक्कं केलं. आणि २०२१ मध्ये तोक्यो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या काता प्रकारात सुवर्णपदक मिळालं ते किय्युना र्‍यो या ओकिनावाच्याच खेळाडूला. फाटक उघडलं म्हणून घरचं गेलं नाही. उलट जे फाटकाआड राहिले ते किती डाव उस्तादाबरोबर सरणावर गेले, त्याची गणती कोण करणार?

पण आम्ही इथे थांबलो तर गोष्ट अर्धीच सांगितली असं होईल. फाटक उघडण्याची किंमत असते, आणि तीही आज बोललीच पाहिजे.

पहिली किंमत हुकमाची. वर्ग मोठा झाला की हुकूम आला. इतोसूंचे शिष्य याबू केन्त्सू हे सैन्यातले अधिकारी होते. कराटेच्या वर्गाला रांगांची, आकड्यांवर हलण्याची लष्करी शिस्त लावण्यात त्यांचा मोठा वाटा मानला जातो. आणि खुद्द इतोसूंच्या त्या पत्रातही असा युक्तिवाद होता की, लहानपणापासून हे शिकलेली मुलं पुढे चांगले सैनिक होतील. विद्या शाळेत यावी म्हणून त्यांनी सरकारला पटेल ते लिहिलं असेल. पण पुढे काय झालं? १९४५ च्या वसंतात ओकिनावावर महायुद्धातली एक भीषण लढाई झाली. शुरीचा राजवाडा जमीनदोस्त झाला. जपानी सैन्याने शाळकरी मुलांची पथकं उभी केली. निरोप पोचवायला, तुटलेल्या तारा जोडायला त्यांना तोफांच्या माऱ्यात पाठवलं. त्यात इतोसू जिथे शिकवत त्याच माध्यमिक शाळेतली मुलं होती. कित्येक परत आली नाहीत. इतोसूंना जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती; त्याचा दोष आम्ही त्यांच्या माथी मारत नाही. पण मुलांना एका आवाजावर हलायला शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. आवाज कुणाचा आहे आणि कशासाठी आहे, हे विचारायलाही त्या मुलांना शिकवावं लागतं.

दुसरी किंमत उथळपणाची. इथे आमचा अनुभव सांगतो. आमच्या चौघांपैकी तिघांची मुलं काही वर्षं एका कराटे क्लासला जात होती. क्लासचं नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही. दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, दर परीक्षेला वेगळी फी, आणि नापास कुणीच नाही. घरात रंगीत पट्टे जमत गेले, भिंतीवर फोटो लागले. एकदा आम्ही एका मुलीला विचारलं, "हा हात असा वळवून मागे का नेतेस?" ती म्हणाली, "सर सांगतात म्हणून." इतोसूंच्या पत्रातलं ते कलम तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं, नाहीतर त्याच दिवशी कान टवकारले असते. मग एक दिवस एका मुलाचं मनगट दुखावलं. त्याला आठवडाभर कुणी विचारलंही नाही, कारण वर्गात साठ मुलं होती आणि शिकवणारा एकच होता. आम्ही मुलं काढून घेतली. खरं सांगायचं तर चूक आमचीही होती. दोन वर्षांत आम्ही एकदाही वर्गात बसून पाहिलं नव्हतं. फी भरायची, मुलाला फाटकाशी सोडायचं आणि तासाने घ्यायला यायचं.

म्हणून आमचं उत्तर असं आहे. कराटे जपानी की आपलं, हा प्रश्न इतोसू आणि माणिकराव या दोघांनी शंभर वर्षांपूर्वीच निकालात काढला. विद्या ज्याने मनापासून शिकली त्याची. खरा प्रश्न वेगळा आहे. शंभर मुलांना शिकवताना एकेका मुलाकडे लक्ष कसं राहील? माणिकरावांनी संघव्यायाम उभा केला, पण हाडं बसवायचं सोडलं नाही. एकीकडे शेकडोंचा मेळा, दुसरीकडे एका माणसाचं मनगट हातात घेऊन चाचपणं. ही दोन्ही कामं एकाच माणसाने केली. तसं करता येईल का, एवढंच आपल्याला पाहायचं आहे.

त्या दृष्टीने आम्ही आमचा ठराव बदलून पुन्हा मांडत आहोत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ. एका शिक्षकामागे वीसच्या वर मुलं नाहीत. जास्त आली तर दुसरा शिक्षक मिळेपर्यंत नावं यादीत राहतील. सुरुवात सूर्यनमस्कार आणि बैठकांनी, हुकूम मराठीत. त्यानंतर कराटे, तिथे आकडे जपानीतच राहू देत, मुलांना 'इची, नी, सान' म्हणायची गंमत वाटते आणि त्यात गैर काही नाही. शुक्रवारी लेझीम आणि लाठी. आपल्या मंडळातले एक आजोबा तरुणपणी धुळ्याला मल्लखांब करत. त्यांनी दोरीचा मल्लखांब शिकवायची तयारी दाखवली आहे. कराटे शिकवणारे सर गुजराती आहेत आणि त्यांनी स्वतःहून सांगितलं की, पहिलं वर्ष बेल्टची परीक्षा नको. वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलाने एकच काता करून दाखवायचा आणि त्यातल्या प्रत्येक हालचालीचा अर्थ सांगायचा. सांगता आला तर पास. आणि मुलांना प्रश्न विचारायची मुभा राहील, अगदी "हे का करायचं?" हाही.

शेवटची अट पालकांसाठी आहे. दर वर्गाला दोन पालकांनी बसलंच पाहिजे, पाळीपाळीने. मोबाइल पिशवीत ठेवून.

यात मंडळाचं नुकसान आहे, ते आम्ही लपवत नाही. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी हॉल साखरपुडे, बारसं, वाढदिवसांना देता येणार नाही. त्या भाड्यातून आपण दर जूनमध्ये गरजू मुलांना वह्या-पुस्तकं देतो. ती मदत कमी होऊ नये म्हणून वर्गाची फी ठेवावी लागेल, पण यंत्रमागावर काम करणाऱ्या सभासदांच्या मुलांकडून ती घेऊ नये, असं आमचं मत आहे. हिशोब जमेल की नाही ते पहिल्या सहा महिन्यांत कळेल. नाही जमला तर आम्हीच येऊन सांगू आणि ठराव मागे घेऊ.

ज्या ज्येष्ठ सभासदांनी प्रश्न विचारला, ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो. त्यांनी विचारलं नसतं तर आम्ही इतोसूंपर्यंत पोचलो नसतो, आणि बडोद्यापर्यंत तर नाहीच. त्यांना एक विनंती आहे. काका, पहिल्या सोमवारी तुम्ही या. मारुतीच्या तसबिरीला हार तुमच्या हातून पडू दे. मग खुर्ची टाकून बसा आणि मुलांचं पाहा. काही चुकलं तर तिथल्या तिथे टोका.

 हात वर करून मत द्यायची वेळ आली की एवढंच आठवा, त्या संध्याकाळी हॉलला कुलूप असेल की आत मुलं असतील.

गणपती बाप्पा मोरया!